शेवाळातला किडा

"पाय मागं घे, हमीदा! चिरडंल ना त्यो!"

बोलून गेली आणि इमामबीनं जीभ चावली.

निमोणे गावच्या विहिरीवर, ओल्या पायरीच्या शेवाळातून एक किडा बाहेर आला होता. राळ्याच्या दाण्याएवढा, तपकिरी, अंगावर मखमलीसारखी लव. पायरीच्या खळग्यात साचलेल्या पाण्यावर तो उतरला आणि न बुडता, अंगणातून जावं तसा चालू लागला. सून हमीदा पाणी शेंदत होती. इमामबी जाड भिंगाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून त्याच्याकडे बघत बसली होती. मोतीबिंदू काढल्यापासून इतकं बारीक तिनं काही पाहिलंच नव्हतं. त्या आनंदात भान सुटलं.

कारण घरात तिनं सांगून ठेवलं होतं, अजून काहीच दिसत नाही.

तिचा लेक शेखलाल दौंडला रेल्वेत होता. क्वार्टर मिळालं, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "अम्माचे डोळे बरे झाले, की दौंडला जाऊ." इमामबीनं ते आतून ऐकलं. म्हणजे ही दोघं जाणार आणि आपण मागं राहणार! म्हणून चष्मा चढला, समोर सुनेचा चेहरा लख्ख दिसला, तरी ती म्हणाली, "न्हाई गं. समदा अंधारच हाय."

तेव्हापासून हमीदा तिला हाताला धरून सगळीकडे न्यायची. भाकरी कुस्करून ताट पुढ्यात ठेवायची. इमामबीला ते फार गोड लागायचं, आणि प्रत्येक घासाला मन खायचं.

हमीदानं पाय मागं घेतला. वाकून, डोळे बारीक करकरून तिनं किडा शोधला. मग सासूकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

रविवारी शेखलाल आला. हमीदानं त्याला दारातच सांगितलं, "अम्माला दिसतंय. माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय!"

इमामबीनं मान खाली घातली. "व्हय, दिसतंय. जावा तुम्ही दोघं. माझं म्या बघीन."

"दोघं?" शेखलाल बघतच राहिला. "अगं, क्वार्टरच्या म्होरं रूळ हायेत. सारख्या गाड्या. दिसत नसताना तुला तिथं कशी न्यायची, म्हणून तर आम्ही थांबलोय, अम्मा!"