चातुर्मासात सोडलेली गोळी

या, जरा पुढं सरकून बसा. गोष्ट आमच्या कीर्तनातल्या मृदंगवाल्या श्रीरंगाची आहे, आणि थोडी माझीही.

डिप्रेशनच्या गोळीनं त्याचा हात थरथरायचा, बोल चुकायचे. "डॉक्टर म्हणालेत, त्रास झाला तर सांगा, बदलून देतो. पण मनानं थांबवू नका," असं तोच सांगायचा.

चातुर्मासाच्या आरंभी देवळात प्रत्येकानं काहीतरी सोडलं. कुणी वांगं, कुणी चहा. श्रीरंग म्हणाला, "मी गोळी सोडतो." सगळ्यांत आधी टाळ्या मीच वाजवल्या. म्हटलं, "शाब्बास, गड्या. नाम असताना गोळी कशाला?"

काही दिवसांत हात स्थिर झाला, काय वाजवायचा. मग झोप गेली, अन्न जाईना. त्याची बायको माझ्याकडं आली. "भाऊजी, ते तुमचं ऐकतात. गोळी घे म्हणा."

मी म्हणालो, "व्रत मोडू नये, वहिनी. कार्तिकीपर्यंत कळ काढा."

श्रावणातच त्यानं जीव दिला. वहिनींनी त्याचा मृदंग तेवढा माझ्या ओसरीवर आणून ठेवला.

यंदा काय सोडायचं ते ठरवाल, तेव्हा माझ्या श्रीरंगाची आठवण ठेवा.