निळ्या रुमालाची बाई

निळ्या रुमालाची बाई तिसऱ्यांदा दिसली, तेव्हा बतूलने लेकीचा दंड घट्ट धरला.

चपलांच्या गल्लीत ती होती. अत्तरवाल्याकडेही होती. आता मोरोक्कोतल्या फेस शहराच्या कफ्तानबाजारात समोरच्याच दुकानात उभी होती. हात कापडावर, डोळे गिझलानवर.

"मागे वळू नकोस. ती बाई आपल्या मागावर आहे."

"बाजार आहे, आई. इथे सगळेच कुणाच्या ना कुणाच्या मागे असतात," गिझलान म्हणाली.

"तुला काय कळतंय! लग्न चार दिवसांवर आलं, की दृष्ट लावणाऱ्यांना बरोबर वास लागतो."

नवरामुलगा अनस म्हणजे कातड्याच्या व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा. आई वारलेली, त्यामुळे घरात सासूचा जाच नाही. हे स्थळ बतूलने खपून जुळवलं होतं. गिझलान आधी दुसऱ्याच मुलासाठी खूप रडली, मग गप्प झाली. गप्प झाली म्हणजे पटलं, असं बतूलने धरून टाकलं होतं.

"तो पिस्ता रंगाचा झगा काढा," ती दुकानदाराला म्हणाली. "आणि भाव नीट सांगा. आम्ही परदेशी नाही."

"लल्ला, तुमच्यासारख्या बाईसाहेबांना फसवून मी तोंड कुठे दाखवू?"

"आहे तिथेच दाखवा. चालतंय."

"सरका, सरका!" लादलेलं खेचर आलं तशी सगळी गल्ली भिंतींना चिकटली. ते गेलं, तर ती बाई बतूलच्या अगदी शेजारी.

"काय हवंय गं तुला? सकाळपासून बघतेय मी!"

"ही तुमचीच ना, लल्ला? वीस वर्षांपूर्वी तुम्ही तापाने इस्पितळात होतात, तेव्हा शेजारणींनी सांभाळलेली?"

बतूल चपापली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? हमामात बायकांना न्हायला मीच पाणी द्यायचे. पोर भुकेने टाहो फोडत होती. अनसची आई तिथे त्याला पाजत बसलेली. दुसऱ्या बाजूला तिने हिलाही लावलं."

"खोटं!"

"ती विचारायला उरली नाही, म्हणून तर आले." बाईच्या डोळ्यांना धार लागली. "एक घोट असला तरी ती दूधभावंडं झाली. भावाशी निकाह लावाल? वर काय जाब द्याल?"

खोटं म्हणावं, तर त्या तीन आठवड्यांतलं बतूलला काहीच आठवत नव्हतं. आणि खरं असलं तर? लग्नानंतर कळलं असतं तर?

"कफ्तान राहू द्या," ती कशीबशी म्हणाली. "हे लग्न होणार नाही." आणि अनसच्या बापाकडे तरातरा निघाली.

गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर तिला कळलं, लेक मागे नाही. त्या बाईच्या तावडीत पोर! ती धावतच परतली.

टांगलेल्या कफ्तानांच्या पलीकडून गिझलानचा दबका आवाज येत होता.

"नुसतं सांगायचं ठरलं होतं. एवढ्या रडलात कशाला, सासूबाई?"