अर्ध्या मिठाचा चोरिसो

"परत भुसाच!" ओविदिओने काट्याने चोरिसो दाबला. वरचं आतडं फाटलं, आतलं डुकराचं मांस भुरभुरलं आणि ताटभर पाणी झालं.

त्याची बायको डेल्मीरा बघतच राहिली. उरुग्वेच्या त्या गावात तिच्या हातच्या चोरिसोवर, आतड्यात मांस भरून केलेल्या त्या सॉसेजवर, लोक जीव टाकत. पण मीठ निम्म्यावर आणल्यापासून तिला स्वतःचेच हात परके वाटायला लागले होते.

"डॉक्टरांनी तुला मीठ कमी करायला सांगितलंय ना, म्हाताऱ्या? मग साधं मांस भाजून खा की!"

"चोरिसोशिवाय कसला रविवार? आणि मी एकटा नाही खाणार. तू वेगळं खारट खाल्लंस, तर मी मिठाची बरणीच तोंडाला लावीन."

तिला काही उमगेना. अर्धं डुक्कर खांद्यावर टाकून हा माणूस पायऱ्या चढतो, शिडी लावून छप्पर दुरुस्त करतो, आणि याला रक्तदाब? गोळ्यांचं विचारलं तर म्हणे, आधी मिठाचं बघू.

तिने बटाट्याचं पीठ घालून पाहिलं. चोरिसो रबर झाला. बिनसोडियमचं म्हणून मिळणारं मीठ घातलं, कडू लागला. शेवटी सगळं कुत्र्याला घातलं, तर तोही हुंगून निघून गेला.

मग एका सकाळी मांस बर्फासारखं गार असतानाच तिने ते थोडकं मीठ सगळीकडे न पसरता सगळंच्या सगळं निम्म्या लाल मांसात घातलं, म्हणजे निदान तेवढं तरी घट्ट धरेल, आणि मळत बसली. बोटं बधिर झाली. गोळा चिकट होऊन तळव्याला लटकून राहिला, तेव्हाच तिने उरलेलं मांस आणि चरबी मिसळली.

रविवारी निखाऱ्यावरून उतरलेल्या चोरिसोच्या सरळ चकत्या पडल्या. कण सुटला नाही. ओविदिओने तिच्याच ताटात आणखी एक वाढला.

"रडतोस काय रे?"

"धूर गेला डोळ्यात. खा तू, म्हातारे."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. "डॉक्टरीणबाई, याचा दाब बघा. इतके दिवस राबतेय, उतरला की नाही ते मला कळू दे."

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. ओविदिओने टोपी हातात चुरगाळली, मान खाली घातली. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पट्टा डेल्मीराच्या दंडाला गुंडाळला.

"अंगठ्याला टाके घालायला आलात, तेव्हा तुमचाच दाब चढलेला निघाला, आणि पथ्याचं नाव काढताच तुम्ही उठून गेलात. म्हणून मी यांना म्हटलं, तुम्हीच काहीतरी करून बायकोचं मीठ कमी करा. यांना कुठे काय झालंय?"