एकसष्टावा प्रश्न

"तुमची मुलगी ढोलकी वाजवते का?" करिअरचा सल्ला देणाऱ्या माधव सरांनी विचारलं.

सणसरहून आलेलं अख्खं घर टेबलासमोर बसलं होतं. विजयसिंहानं बायकोकडं बघितलं. रेश्मानं मुलीकडं बघितलं. श्रियानं खाली बघितलं. विजयसिंहाचे वडील दत्तोबा, म्हणजे आबा, पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

"न्हाय ओ सर," विजयसिंह म्हणाला. "दहावीला एक्क्याण्णव टक्के हायेत तिला."

"कल चाचणीत तसं आलंय खरं."

प्रश्न ७. मोकळ्या वेळात तुमचे हात काय करतात?

(आबांचे हात खुर्चीच्या दांडीवर होते. दोन बोटं हलत होती. त्यांनी ती दुसऱ्या हातानं दाबून धरली.)

घरात ठरलं होतं, रिपोर्ट म्हणेल ती लाइन. विजयसिंहाला इंजिनिअर हवी होती, रेश्माला डॉक्टर. आबांना वकील हवी होती, कारण बांधाचा दावा अकरा वर्षं चालू होता. बारामतीच्या कॉलेजचा अर्ज आज पाचपर्यंत भरायचा होता आणि इंदापुरातल्या या ऑफिसात सव्वातीन वाजले होते. श्रियाला काय हवंय ते रिपोर्टमध्ये येणारच होतं, म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

"पुढं ऐका," सर म्हणाले. "स्वयंपाकाची जबरदस्त आवड. तीही घरच्या नाही, हजार पानांच्या पंगतीच्या. यंत्रांचा मनापासून तिटकारा."

"यंत्रांचा?" आबा म्हणाले. "दोन ट्रॅक्टर हायेत की दारात."

प्रश्न ३३. कोणता आवाज ऐकला की दिवस खराब जातो?

(विजयसिंहानं घसा खाकरला. भावकीतल्या प्रत्येक लग्नात आचाऱ्याच्या हातातला झारा काढून घेणारा माणूस तोच होता. आमटी बिघडू नये म्हणून, असं तो सांगायचा.)

"आणि शेवटी," सरांनी चष्मा वर केला, "पोलीस तपास. संशय घेण्याची नैसर्गिक देणगी."

या वेळी कुणी कुणाकडं बघितलं नाही. विजयसिंहानं फक्त मोबाइल टेबलावरून उचलून खिशात ठेवला. रेश्मानं ते बघितलं.

सर चक्रावले होते. त्यांनी शिपायाकडून मूळ उत्तरपत्रिका मागवली. पहिल्या वीस प्रश्नांचं अक्षर थरथरतं होतं. पुढच्या वीसमध्ये पेन एवढं दाबलं होतं की कागद दोन ठिकाणी फाटला होता. त्यापुढच्या वीसवर फोडणीचं तेल सांडलेलं होतं.

"श्रिया, यातलं तुझं अक्षर कुठलं?"

"वरचं नाव माझं हाय, सर."

मग सगळं बाहेर आलं. पोरगी काहीतरीच लिहून बसेल आणि आयुष्याचं वाटोळं करून घेईल, या काळजीनं तिघांनी घरी भरायला दिलेला पेपर वाटून घेतला होता. कॅनॉलच्या पाण्याची पाळी लावावी तशी पाळी लावली होती. साठ प्रश्न, प्रत्येकी वीस. कुणावर अन्याय नाही.

"पर आमी तिच्याच बाजूनं लिवलं," रेश्मा म्हणाली. "तिला काय आवडंल, असा इचार करून."

"व्हय, इचार करूनच," आबा म्हणाले. "लिवता लिवता हात जरा माझ्याकडं वळला असंल."

"आबा, तुमी ढोलकी वाजवायचा?" विजयसिंहानं विचारलं.

"माझ्या बानं फोडली. म्हणला, शेत बघ."

"आन् मला ट्रॅक्टरवर कुणी बसवलं?"

आबा परत पंख्याकडं बघायला लागले. सरांनी उठून पंखा लावला.

"एक राहिला," सर म्हणाले. "प्रश्न एकसष्ट आहेत. एकसष्टावा कुणाच्या वाट्याला आला?"

"तो सामाईक ठिवला," आबांनी समजावून सांगितलं. "वाटणीत पाण्याची हीर ठिवतात न्हवं, तसा."

सरांनी शेवटचं पान काढलं.

प्रश्न ६१. तुमच्या आयुष्यातले निर्णय कोण घेतं? (अ) मी स्वतः. (ब) घरचे.

‘अ’ला गोल केला होता. तीन पेनांनी, एकावर एक, तीन गोल.

"हितं मात्र आमच्यात एका शब्दाचं भांडण झालं न्हाय," रेश्मा अभिमानानं म्हणाली.

सरांनी ते पान मिटलं. त्यांनी कपाटातून कोरी उत्तरपत्रिका काढली आणि श्रियापुढं ठेवली. वर पेन ठेवलं.

"पाचच्या आत होईल. जे खरं आहे तेच लिही. बाकीच्यांनी बाहेर बसा."

बाकीचे उठले. दारापर्यंत गेले आणि पाण्याच्या जारजवळ थांबले. तिघांनाही एकदम तहान लागली होती.

श्रियानं नाव लिहिलं. मग तिनं पहिलं पान सोडलं, दुसरं सोडलं, सगळी पानं उलटली आणि थेट शेवटच्या प्रश्नावर आली. पेन ‘अ’वर थांबलं. जारजवळून आबा हळूच म्हणाले, "हां, बराबर. त्योच."

पेन ‘अ’वरून उठलं, खाली आलं, आणि ‘ब’ला गोल झाला. एकच, पण ठसठशीत.

विजयसिंह पाण्याचा ग्लास घेऊन तसाच पुढं आला. "आगं, हे काय केलंस? ‘अ’ लिवायचं म्हणून घरी ठरलं हुतं न्हवं? कुणी सांगितलं तुला ‘ब’ करायला?"

"कुणीच न्हाय," श्रिया म्हणाली, आणि पहिल्या प्रश्नाचं पान काढलं.