सहावी डहाळी

माधवीनं करवंदीची एक डहाळी मोडून ढिगावर टाकली. दुसरी मोडली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली.

खानापूरच्या पुढं डांबरी रस्ता संपून रान सुरू होतं, तिथं हा डहाळ्यांचा ढीग. आत जाणाऱ्यानं माणशी एक डहाळी टाकायची. जेवढ्या डहाळ्या, तेवढी माणसं रान सांभाळून परत पाठवतं, असं तिच्या आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. गणपती गेले की पहिल्या रविवारी सगळं घर भाकऱ्या बांधून आतल्या डोहावर जायचं. त्या एका दिवसाच्या गोष्टी मग वर्षभर पुरायच्या.

तीन वर्षांपूर्वी सहाजणं आली होती. धाकटा भाऊ सौरव गाडी लावायला मागं राहिला. "आक्का, माझी बी टाक गं!" असं लांबूनच ओरडला. माधवी "व्हय रं" म्हणाली आणि बोलण्याच्या नादात पाचच टाकल्या. संध्याकाळी पाचच माणसं चालत बाहेर आली. सौरवला झोळीत घालून आणावं लागलं.

आता डहाळीवाचून कधी कोण बुडतं का? बाई बेळगावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. पाण्यात काय तरंगतं नि काय बुडतं, ते पोरांना फळ्यावर काढून दाखवते. कळत सगळं होतं हो, पण कळून काय उपयोग? तीन वर्षं ती पाच डहाळ्या पोटात घेऊन हिंडत होती. चार दिवसांमागं राहवलं नाही आणि आईपुढं सगळं बोलून मोकळी झाली.

रुक्माबाईनं, तिच्या आईनं, पोराला जाळून आले त्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. चिडेल, थोबाडीत देईल, असं माधवीला वाटलं होतं. पण म्हातारीचं तोंड उजळलं.

"तरीच! नुसतं अंग आलं घरी. त्यो आतच ऱ्हायला, वाट चुकून. तू जा. दोन टाक, एक तुझी नि एक त्याची. आन घेऊन ये त्याला."

आणि दोघांच्या भाकऱ्या बांधून दिल्या.

माधवीनं डोळे मिटून दुसरी डहाळी टाकली. पाऊलवाटेला लागली तशी मागं चिखलात पाऊल वाजलं. ती थांबली, ते थांबलं. ती चालली, ते चाललं. मागं वळून बघायची काही तिची छाती झाली नाही. अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतक्या दिवसांत तिच्या मागून कोणी चाललंच नव्हतं.

डोह तसाच होता, हिरवा, गप्प. या पाण्याचं तोंड बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ती खडकावर बसली, भाकरीचं फडकं सोडलं आणि हळूच म्हणाली, "चल की रं घरी. आई वाट बघतीया."

पलीकडच्या झाडीत शीळ वाजली. एखादं उनाड पोरगं शाळा बुडवून रमतगमत निघालंय, अशी. कस्तूर पक्षी तो. तिला काय ठाऊक नव्हतं? सौरव इथं आला की दिवसभर त्याची नक्कल करायचा आणि ती "गप की रं, कान किटले" म्हणून खेकसायची.

"सौरव, चल."

शीळ थांबली. मग वाजली ती थोडी वर, ओढ्याच्या अंगाला. तिनं पुन्हा हाक मारली. शीळ आणखी आत गेली. घाई नाही, कसलं भ्या नाही. मन मानेल तिथं थांबत, मन मानेल तशी वाजत ती लांब लांब गेली. माधवी कान देऊन ऐकत राहिली. वाट चुकलेलं माणूस असं शीळ घालत नाही.

तिनं चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. पाणी आपल्याला ओळखेल, जाब विचारेल, याचीच तिला धास्ती होती. ते गार पाणी घोट्याशी खेळलं आणि आपल्या वाटेनं पुढं गेलं. मग मात्र ती मोठमोठ्यानं रडली. रडून झाल्यावर भूक लागली. एक भाकरी खाल्ली, एक खडकावर ठेवली. परत येताना मागं पाऊल वाजलं नाही.

रुक्माबाई उंबऱ्यातच बसली होती. लेकीकडं न बघता तिच्या मागच्या रस्त्याकडं बघत होती.

"आला?"

"येत न्हाय म्हणाला, आई." माधवी तिच्याजवळ टेकली. "चुकला न्हाय त्यो. तिथं करमतंय त्याला."

रुक्माबाईनं रस्त्यावरची नजर काढून लेकीकडं बघितलं. मग पुटपुटली, "गारठत न्हाय न्हवं त्यो, पाण्यात?"

"न्हाय गं."

म्हातारीनं पदर तोंडाशी नेला, पण त्यानं काय थांबतंय! असा हंबरडा फोडला की शेजारची जयाबाई पिठाच्या हातानं धावत आली.

"अगं बया! काय झालं? कोण गेलं?"

माधवीनं आईचं डोकं छातीशी धरलं.

"सौरव गेला, काकू," ती म्हणाली.