कोरडा हिवाळा

कोचनं कॅक्टसच्या कुंडीत खुपसलेली काडी उपसून गालाला लावली. काडी ओली होती.

"अगं, बघ! परत ओली!" तो गॅलरीतून ओरडला. "वरच्याचं धुणं गळतंय. आज त्याची खरडपट्टीच काढतो."

बायको भांडी घासत होती. "काढा," एवढंच म्हणाली.

खरडपट्टी काढून झाली. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं हात जोडून सांगितलं, की गुडघे दुखायला लागल्यापासून तो कपडे आतच वाळत घालतो. कोचला ते पटलं नाही. पोहण्याच्या तलावावर जन्मभर शिट्टी फुंकलेल्या माणसाला दुसऱ्याचं पटायची सवय नसते. त्यानं कॅक्टसवर प्लास्टिकचं छप्पर बांधलं आणि रोजच्यासारखा फिरायला बाहेर पडला.

हा कॅक्टस म्हणजे पेरूएवढा काटेरी गोळा. आणला तेव्हा रोपवाटिकेचा मालक म्हणाला होता, "हा आळशाच्या घरीसुद्धा फुलतो, साहेब. हिवाळाभर थंडीत ठेवा आणि पाणी तोडा. तहानेनं कासावीस झाला, की उन्हाळ्यात आपसूक कळी धरतो." कोच खूश झाला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही तर त्याचीच पद्धत. पोरीला त्यानं असंच तयार केलं होतं. सरावात वेळ हुकली, की हिवाळ्याच्या दिवसांत ओल्या केसांनी, ओल्या पोशाखात तिला याच गॅलरीत उभं करायचं आणि आतून कडी लावायची. पोरीचे दात वाजायचे ते आत ऐकू यायचं. आई कडीपाशी घुटमळायची, पण कडीला हात लावायची तिची छाती नव्हती. पोरीनं पदकं आणली, हे मात्र खरं. कोचची शिट्टी वाजली, की ती अंगात ताप असला तरी उडी मारायची.

मग एक दिवस ती बॅग भरून निघून गेली. लांबच्या गावी नोकरी धरली. कोच गरजला, "या घरातून तिला फोन जाणार नाही, आणि तिचा आला तर कुणी घ्यायचा नाही!" कोचचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण महिन्याभरातच घर त्याला खायला उठलं. जेवताना तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. रेघ पुसावी तर बायकोसमोर नाक खाली होणार. म्हणून त्यानं सगळ्यांत हमखास फुलणारं झाड शोधून आणलं, जेवणाच्या टेबलावर आदळलं, ते कसं फुलतं ते बायकोला बजावून सांगितलं आणि जाहीर केलं, "हे फुलेल त्या दिवशी मी स्वतः तिला फोन करीन. घरी बोलावीन. त्याआधी नाही."

बायको बराच वेळ त्या काटेरी गोळ्याकडे बघत राहिली. बिचारी फुलाची वाट बघायलाही लागली, असं त्याला वाटलं.

आता तिसरा हिवाळा सरत आला होता. कॅक्टस चांगला गलेलठ्ठ झाला होता, पण कळीचा पत्ता नव्हता. कोचनं माती बदलली, कुंडी बदलली, रोपवाटिकेच्या मालकाशी भांडून झालं. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तो चष्मा लावून काट्यांत कळी शोधायचा. माणूस फणसासारखा आहे हो, वरून काटे नि आत गरे, असं म्हणत शेजारणी हळहळायच्या.

कोपऱ्यावर पोचल्यावर आज त्याच्या लक्षात आलं, की कानटोपी घरीच राहिली. तो माघारी फिरला. दार नुसतं लोटलेलं होतं.

बायको गॅलरीत होती. प्लास्टिकचं छप्पर तिनं अलगद बाजूला सारलं होतं. हातात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण. झाकणभर पाणी तिनं कुंडीच्या कडेनं सोडलं, झाकण पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. एक थेंब इकडेतिकडे सांडला नाही. हात सरावाचा होता.

कोच आधी तापला, मग त्याला हसू आलं.

"अगं वेडे, तू होय! आणि मी त्या वरच्याचा जीव खाल्ला! पाणी मिळालं की हा फुलत नाही, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं."

"मग? दया आली तुला त्याची? तेव्हाही अशीच कडीपाशी घुटमळायचीस." त्यानं डोळे पुसले. "तुझ्या या मायेपायी तीन वर्षं वाया गेली गं. हे फुललं असतं, तर पहिल्याच उन्हाळ्यात फोन केला असता मी. मी काय दगड आहे? तिच्या आवाजासाठी झुरतोय मी! आणि तुला सांगतो, मी नुसती हाक मारली ना, तर असेल तिथून येईल ती. खात्री आहे माझी."

बायकोनं झाकण पुन्हा काठोकाठ भरलं. त्याच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही.

"माझीही आहे," ती म्हणाली. "म्हणून तर रोज पाणी घालते."