अण्णांचा खोकला

"पंख्याची घरघर आली, अण्णा. आता बंद केलाय, पुन्हा एकदा खोका," म्हणत दिगंबरने माइक वडिलांच्या तोंडाजवळ धरला. इचलकरंजीत तीस वर्षं मागावर कापसाची धूळ गिळलेले अण्णा पोराखातर पुन्हा खोकले. धाप लागली तरी त्यांनी विचारलं, "आता झाला का नीट?"

फिल्मवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर कुणाला तरी म्हाताऱ्याचा खोकला हवा होता. दिगंबरने तो, कुणाचा ते न लिहिता, सगळ्यांसाठी ग्रुपच्या फोल्डरमध्ये टाकला. वर्षभरात अण्णा नऊ शॉर्टफिल्ममध्ये खोकले, कुठे सावकार म्हणून, कुठे भूत म्हणून. त्या ओळखीवर दिगंबरला पुण्याहून साउंडची कामं येऊ लागली. तो अशाच एका कामावर असताना अण्णा गेले.

मग त्याने पहिल्यांदा स्वतःची फिल्म केली, अण्णांवर. फोटो पुष्कळ होते. आवाज मात्र तेवढा खोकल्याचाच, कारण अण्णांचं बोलणं त्याने कधी रेकॉर्डच केलं नव्हतं. खोकल्यामागचा तो प्रश्नही तेव्हाच कापून टाकला होता.

रविवारी ग्रुपने फिल्म पाहिली. ज्याने दिगंबरला पहिलं काम दिलं होतं, त्यानेच आधी लिहिलं, "मांडणी झकास. तेवढा फोल्डरमधला खोकला काढ, मित्रा. ऐकून ऐकून कान किटलेत, अगदी खोटा वाटतो. खरा हवा असेल तर सांग, माझे सासरे आहेत घरात."

खाली सत्तावीस जणांनी अंगठे दिले होते. अठ्ठाविसावा दिगंबरने दिला.